टाईल्स लावल्या म्हणजे ओल थांबली असं नाही

प्रश्न : नमस्कार दादा, आमचं घर शिरोड्याला, आजेसासऱ्यांनी बांधलेलं, चिऱ्यांचं आणि वर मंगळुरी कौलं. न्हाणी अजून मागच्या अंगणात आहे पण सासूबाईंना रात्रीचं पावसात तिथवर जाणं जमत नाही, म्हणून त्यांच्या खोलीला लागूनच आत बाथरूम करायचं ठरवलंय. मधल्या भिंतीला त्यांचं कपाट आहे, त्यात सगळ्या रेशमी साड्या. ती भिंत आत्ताच पावसाळ्यात हाताला गार ओलसर लागते. मेस्त्री म्हणतात वरपर्यंत टाईल्स लावू, काही होणार नाही, चवथीआधी काम पुरं करून देतो. करू का सुरू?
— एक वाचक, फोंडा तालुका

उत्तर : ताई, आत्ता नका करू. टाईलमधून पाणी जात नाही हे खरं, पण दोन टाईल्सच्या मधल्या सांध्यातून जातं, सांध्यात भरलेलं साधं सिमेंटचं ग्राउट पाणी पितं, आणि रोजच्या आंघोळीचं ते थोडं थोडं पाणी मागे जाऊन बसतं. ओल अडवायचं खरं काम टाईलच्या खाली असतं, आणि ते एकदा झाकलं की कुणाला दिसत नाही.

आधी त्या भिंतीची ओल कुठून येते ते बघा. चिरा सच्छिद्र, जमिनीतलं पाणी वर ओढतो, आणि जुन्या घरांच्या जोत्यावर ते अडवणारा थर बहुधा नसतोच. ओलीचा पट्टा खालून गुडघ्या-कमरेपर्यंत असेल, खार फुटून पोपडे पडत असतील तर पाणी जमिनीतलं, वरून ओघळ येत असतील तर कौल नाहीतर पन्हळ तपासा. आपल्याकडे गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, त्यामुळे बाहेर भिंतीला टेकलेली माती काढून अंगणाचा उतार घरापासून लांब नेणं हे पहिलं काम. ते न करता एका बाजूने टाईल्स ठोकल्या तर अडकलेली ओल दुसऱ्या बाजूने निघेल, म्हणजे थेट सासूबाईंच्या कपाटात. शॉवर, नळ, पाईप काहीही त्या भिंतीवर घेऊ नका, सगळं समोरच्या बाहेरच्या भिंतीला घ्या.

मग क्रम असा ठेवा. पाईप टाकून त्यांची प्रेशर टेस्ट, म्हणजे दाबाने पाणी भरून गळतात का ते बघणं, नंतर जमीन आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात सिमेंटचा वाटा, म्हणजे गोलसर भराव, मारून घ्यायचा, म्हणजे तिथे काटकोनात चीर पडत नाही. त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिला सुकल्यावर दुसरा आडवा, भिंतीवर सगळीकडे किमान एक फूट आणि शॉवरच्या बाजूला सहा फुटांपर्यंत. नहाणी ट्रॅपभोवती, म्हणजे जमिनीतल्या पाणी जायच्या जाळीभोवती, आणि पाईप भिंतीतून जातो तिथे स्वतः उभ्या राहून करून घ्या, गळती बहुतेक वेळा तिथूनच होते.

कोटिंग पूर्ण वाळलं की ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारायची आणि 48 तास हात लावायचा नाही. शेजारी बादलीतही पाणी भरून तशीच रेघ मारा, बादलीपेक्षा जमिनीवरचं पाणी जास्त उतरलं तर ते कुठेतरी मुरतंय. माझ्या स्वतःच्या घरी मी हे दोन दिवस वाचवले होते, पाहुणे यायचे होते म्हणून. पुढच्या पावसात आईच्या खोलीतली भिंत फुगली, सहा महिन्यांपूर्वी लावलेल्या टाईल्स छिन्नीने फोडाव्या लागल्या आणि ट्रॅपच्या कडेला नखाएवढी फट निघाली. तेव्हापासून मी कुणालाही ही टेस्ट सोडू देत नाही.

उतार दर चार फुटांना एक इंच, ट्रॅपकडे. सासूबाईंसाठी उंच उंबरा नको, त्याऐवजी बाथरूमची जमीन खोलीपेक्षा अर्धा इंच खाली घ्या, टाईल्स खरखरीत घ्या. धरायचा दांडा कुठे बसवायचा तेही आत्ताच ठरवा, नंतर ड्रिल मारलं की कोटिंगला भोक पडतं, आणि तरी मारावंच लागलं तर भोकात सिलिकॉन भरून मग स्क्रू पिळा.

आणि चवथीचं म्हणाल तर, पावसात प्लास्टर वाळत नाही, ओल्यावर कोटिंग धरत नाही. काम जानेवारी ते एप्रिलमध्ये काढा. तोवर सासूबाईंच्या खोलीत रात्रीपुरती कमोडची खुर्ची ठेवा, मेडिकलच्या दुकानात मिळते, त्यांना पावसात बाहेर पाठवू नका.

प्रश्न : मडगावला फ्लॅटमध्ये नवीन बाथरूम केलं, गळती कुठेच नाही, तरी छतावर काळे ठिपके येतात. रंग दोनदा काढला.

उत्तर : ती बुरशी, गिझरच्या वाफेची. गरम वाफ गार छताला लागली की पाणी होतं. एक्झॉस्ट फॅनचं तोंड बाहेर उघडतंय ना ते बघा, फॉल्स सीलिंगच्या आत सोडलं असेल तर वाफ तिथेच कोंडते. आंघोळीनंतर वीसेक मिनिटं फॅन चालू ठेवा आणि दाराखाली बोटभर फट ठेवा, आत हवा आलीच नाही तर फॅन ओढणार काय. पावसाळ्यात बाहेरची हवाही ओलीच असते, तेव्हा भिंती नि जमीन वायपरने निपटून काढायची सवय घरात सगळ्यांना लावा. रंग आत्ता नको, आधी बुरशी घासून काढा, छत पूर्ण सुकू द्या, मग बुरशीरोधक रंगाचे दोन हात.