मित्रांसोबत सायकलवर थारच्या वाळवंटातून जायचं आहे. पाणी आणि वाळू यांची धास्ती वाटते. कुणाचा अनुभव आहे का?

आहे. 2019 च्या डिसेंबरमध्ये आम्ही चौघं पुणेकर (मी, एक बँकवाला मित्र, त्याचा धाकटा भाऊ आणि एक मास्तर) जोधपूरहून निघून पोकरण, जैसलमेर, रामगढ करत पाकिस्तान सीमेजवळच्या तनोटपर्यंत गेलो होतो. साधारण चारशे किलोमीटर.

धास्तीचं आधी उरकून टाकतो. जोधपूर ते जैसलमेर चांगला डांबरी हायवे आहे. वाळूत चाक रुतलं ते एकदाच, तेही फोटोच्या हौसेपायी आम्हीच रस्ता सोडला म्हणून. पाण्याचं म्हणाल तर जैसलमेरपर्यंत टपऱ्या, ढाबे, गावं लागत राहतात. हिवाळ्यातसुद्धा माणशी दिवसाला पाच लिटर धरा आणि दिसेल तिथे बाटल्या भरून घ्या. जैसलमेरच्या पुढे गणित बदलतं, त्याबद्दल पुढे सांगतो.

आम्हाला छळलं ते काट्यांनी, वाऱ्याने आणि खरं सांगायचं तर एकमेकांनी.

काट्यांपासून सुरुवात करतो. आपल्याकडे जिला वेडी बाभूळ म्हणतात ती तिकडे रस्त्याच्या कडेला रानोमाळ माजली आहे. तिचे काटे वाऱ्याने आणि शेळ्यांच्या पायांनी डांबरापर्यंत येतात. जोडीला सराटे. लहानपणी अनवाणी पायात सराटा गेला असेल तर तो काय चीज आहे हे सांगायला नको. पहिल्या दिवशी बालेसरच्या पुढे सावली बघून आम्ही चारही सायकली एका झाडाखाली ढकलत नेल्या, पंधरा मिनिटं आडवे झालो आणि उठून बघतो तर तीन चाकं बसलेली. एकट्या माझ्या मागच्या टायरमध्ये पाच काटे. त्यानंतर नियमच केला: डांबर सोडायचं असेल तर सायकल खांद्यावर.

पंक्चर काढता येतं असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. घरी बादलीत ट्यूब बुडवून बुडबुडे बघणं वेगळं. तिथे प्यायचं पाणी मोजून वापरायचं, बादली आणणार कुठून? ट्यूबमध्ये हवा भरून ती ओठांजवळून हळूहळू फिरवायची, गार झुळूक लागते तिथे भोक. ते सापडलं की घासायचं, सोल्युशन लावायचं आणि वाळायला थांबायचं. आमची फजिती झाली ती या थांबण्यात. वाऱ्याबरोबर बारीक वाळू सतत उडत असते आणि ती नेमकी त्या चिकट सोल्युशनवर जाऊन बसते. डोळ्यांना दिसत नाही, पण ठिगळ दहा मिनिटांत सुटतं. तीन ठिगळं वाया गेल्यावर बँकवाल्याने डोक्यावरून जॅकेट ओढून, वाऱ्याकडे पाठ करून, बाळाला पाजायला बसावं तसं मांडीवर ट्यूब घेऊन काम केलं. ते ठिगळ मात्र अजून टिकून आहे. आणखी एक: ट्यूब बसवण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा. काट्याचं टोक रबरात मोडून राहतं, बाहेरून पत्ता लागत नाही. चिमटा जवळ ठेवा. चेनला तेल थापू नका, वाळू चिकटून कुरकुर सुरू होते. थेंबभर लावून कोरड्या फडक्याने पुसून काढायचं.

पहिला मुक्काम देचूच्या अलीकडे एका ढाब्यावर केला. दुसऱ्या दिवशी पोकरण. तिथलं चमचम नक्की खा, आम्ही दोनदा मागवलं. पोकरणहून जैसलमेरकडे जाताना खेतोलाई गाव लागतं. 1998 च्या मे महिन्यातल्या अणुचाचण्या याच गावाच्या जवळ झाल्या. चाचण्यांची जागा लष्करी हद्दीत आहे, तिकडे जाता येत नाही. आम्ही तिथे फक्त चहा प्यायलो. पुढे लाठीच्या आसपास माळढोक दिसेल म्हणून आमचे मास्तर माना वळवून वळवून बघत होते. सोलापूरजवळच्या नान्नजला हेलपाटे घालूनही त्यांना तो कधी दिसला नव्हता. इथेही नाही दिसला. चिंकारा मात्र भरपूर.

वाटेत जी खेजडी दिसते ती म्हणजे आपली शमी. दसऱ्याला पूजा करतो ती. तिच्याच शेंगांची सांगरी, आणि बाजरीच्या भाकरीबरोबर कैर-सांगरीची भाजी, वर ताक. एका ढाणीवर (शेतातली चार-दोन घरांची वस्ती) आजीबाईंनी आम्हाला बसवून वाढलं आणि पैसे घेतले नाहीत. मोटार परवडत नाही म्हणून आम्ही सायकलवर आलो, अशी त्यांची पक्की समजूत होती. ती आम्ही मोडली नाही.

आता जैसलमेरच्या पुढचं. एक दिवस विश्रांती घेऊन आम्ही रामगढला पोहोचलो, पासष्टएक किलोमीटर, वाटेत पवनचक्क्याच पवनचक्क्या. रामगढ हे शेवटचं नीट बाजारपेठ असलेलं गाव. तिथून तनोट साठेक किलोमीटर आणि मध्ये जवळजवळ काहीच नाही. मोबाईलची रेंज असली तर असली. टपऱ्यांवर भिस्त ठेवू नका, दिवसभराचं पाणी रामगढलाच भरून घ्या.

इथेच आमचं बिनसलं. चौघांत बँकवाल्याचा धाकटा भाऊ सव्वीस वर्षांचा, मास्तर पन्नाशीला टेकलेले. जैसलमेरपर्यंत दोघांमधलं अंतर चहाच्या टपरीवर भरून निघायचं. इथे टपरीच नाही. त्यात सकाळपासून उत्तरेचा वारा तोंडावर. सपाट रस्त्यावर ताशी वीसने जाणारी सायकल बारावर येते. चढ असला तर निदान संपतो तरी. वाऱ्यात पाय मारत राहायचं, समोर तोच रस्ता, तेच मृगजळ. धाकटा वैतागला, म्हणाला, ‘मी पुढे जाऊन थांबतो.’ त्याच्यामागे त्याचा भाऊ गेला. मी मास्तरांबरोबर राहिलो.

रामगढपासून पंचवीसएक किलोमीटरवर मास्तरांचं पुढचं चाक बसलं. ट्यूब होत्या, ठिगळं होती, चिमटा होता. पंप नव्हता. वजन वाचवायचं म्हणून आम्ही चौघांत एकच पंप घेतला होता आणि तो धाकट्याच्या बॅगेत होता. धाकटा कुठे आहे, ठाऊक नाही. फोन लागत नाही.

तासाभराने तनोटकडे जाणारा जवानांचा एक ट्रक आला. त्यांना सांगितलं, पुढे लाल टोपीवाला सायकलवाला दिसेल, त्याला मागे पाठवा. मग पुन्हा वाट बघणं. रस्त्याच्या कडेला बसून मास्तर शांतपणे शेंगदाणे खात होते, मी मनातल्या मनात धाकट्याला देऊ नयेत त्या शिव्या देत होतो. तो आला तो वाऱ्याच्या जोरावर भन्नाट वेगात आणि तापलेला. ‘सर, तुम्ही इतके हळू चालवता ना, म्हणून हे सगळं होतं.’

मास्तर म्हणाले, ‘अरे, हळू चालवतो म्हणूनच पंप माझ्याकडे हवा होता.’

तो काहीच बोलला नाही. हवा त्यानेच भरली. तिथून तनोटपर्यंत मास्तर पुढे, आम्ही मागे, त्यांच्या वेगाने. साडेतीनला पोहोचलो. तुम्ही किती जण जाणार ते माहीत नाही, पण सगळ्यात हळू चालवणाऱ्याकडे पंप आणि हत्यारं द्या, आणि जैसलमेरनंतर पुढचा आणि मागचा एकमेकांच्या नजरेआड होणार नाहीत एवढं बघा. शक्य असेल तर पंपच दोन घ्या. जेमतेम दोनशे ग्रॅमचा असतो, आम्ही काय वाचवत होतो देव जाणे.

तनोट मातेच्या मंदिराची व्यवस्था बीएसएफ बघतं. 1965 च्या युद्धात न फुटलेले तोफगोळे तिथे काचेत मांडले आहेत. दर्शन घेतलं, चहा प्यायलो आणि परतीला सायकली पिकअपमध्ये टाकल्या. तिकडे त्याला नुसतं ‘कॅम्पर’ म्हणतात. वाटेत लोंगेवालाला उतरलो. डिसेंबर 1971 मध्ये तिथे रात्रभर एका तुकडीने रणगाडे थोपवले आणि उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं मदतीला आली, ते ठिकाण. हे सगळं सायकलनेच करायचं असेल तर एक जास्तीचा दिवस हाताशी ठेवा आणि तनोटला रात्री राहण्याची सोय जैसलमेरमध्येच विचारून निघा. ओळखपत्र सगळ्यांजवळ हवं. लष्करी गाड्यांचे फोटो काढू नका.

जाण्यासाठी वांद्रे टर्मिनसहून जोधपूरला सूर्यनगरी एक्सप्रेस आहे, सायकली पार्सलने जातात. गिअरची बाजू खोक्यात नीट गुंडाळा. मी आळस केला आणि जोधपूरचा अर्धा दिवस वाकलेला गिअर सरळ करण्यात गेला. काळ नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी सुरुवात. मार्चनंतर नको. पहाटे सहाला निघालात तर थंडीने बोटं बधिर होतात, ब्रेक दाबला की नाही तेच कळत नाही, तेव्हा हातमोजे पूर्ण बोटांचे घ्या. आमचे अर्ध्या बोटांचे होते. बँकवाल्याने त्यावर पायमोजे चढवले होते.