वर्गातल्या आणि ऑनलाइन बसलेल्या मुलांना मोबाईलवरून प्रश्न विचारू द्यावेत का? द्यायचे तर कसे?

द्यावेत. कुठलं ॲप घ्यायचं, हा तुमच्या प्रश्नाचा सोपा भाग आहे, म्हणून तो नंतर घेतो. तुम्ही लिहिलंय की खानापूरकडं पदवीला कॉमर्स शिकवता, पावसाळ्यात निम्मी मुलं घरून जॉइन होतात, आणि "काही शंका?" म्हटलं की वर्गही गप्प, स्क्रीनही गप्प. मी बेळगावात अकाउंटन्सी शिकवतो. ही शांतता माझ्या चांगली ओळखीची आहे.

आपल्या भागात तिचं मोठं कारण भाषा. पोरगं दहावीपर्यंत मराठी माध्यमात, पीयूला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) एकदम इंग्रजी पुस्तक, शेजारी कन्नड माध्यमातून आलेला, पुढच्या बाकावर शहरातल्या इंग्लिश शाळेतली मुलगी. शंका मराठीत येते आणि ती इंग्रजीत जुळवेपर्यंत सर पुढच्या पानावर गेलेले असतात. मराठीतच विचारावी तर कोणी हसेल ही धास्ती. अमेरिकेत मेरी बड रो या शिक्षण-संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत बसून मोजलं होतं: प्रश्न टाकल्यावर शिक्षक साधारण १ सेकंद थांबतात, आणि ३ सेकंद किंवा जास्त थांबले की उत्तरं लांब येतात, न बोलणारी मुलंही बोलू लागतात. आपल्याकडं मधे भाषाही बदलायची असते. तिथं ३ सेकंदांनी काय होणार? फोनवर टाइप करायचं तर दोन मिनिटं सरळ सोडून द्या. त्या वेळात तुम्ही फळा पुसा, पाणी प्या, पण बोलू नका.

म्हणून माझ्या दोनच अटी: प्रश्न निनावी हवा आणि कुठल्याही भाषेत चालायला हवा. मराठी, कन्नड, रोमन अक्षरांतलं मराठी, तिन्हींची खिचडी, सगळं चालेल. टाइप करायचा कंटाळा असेल तर जीबोर्डवर (गूगलचा फोनवरचा कीबोर्ड) मराठी आणि कन्नड दोन्ही बोलून लिहिता येतं. हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. आणि प्रश्न वाचून दाखवताना शुद्धलेखनावरून चुकूनही विनोद करू नका. एकदा वर्ग हसला की पुढचा महिनाभर प्रश्न येत नाहीत.

असं केल्यावर काय येतं त्याचा एक नमुना देतो. घसारा, म्हणजे डेप्रिसिएशन, शिकवून झाला होता, सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मग फोनवर आलं: "सर, डेप्रिसिएशनचे पैसे शेवटी कुणाला देत्यात?" हात वर करून हे कोणी जन्मात विचारलं नसतं. पण इतरांना त्या प्रश्नाला पसंती देता येत होती आणि बघता बघता तो यादीत सगळ्यात वर गेला. म्हणजे माना डोलावणाऱ्यांनाही तेच अडलं होतं. मग उदाहरणाला उद्यमबागेतल्या, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागातल्या, फौंड्रीचं मशीन घेतलं. मशीन १० लाखांचं, पैसे मशीन घेतलं त्याच दिवशी गेले. पुढं दरवर्षी त्यातला एक वाटा खर्च म्हणून लिहायचा, पण त्या वर्षी खिशातून कोणालाच काही जात नाही. म्हणूनच कॅश फ्लो स्टेटमेंट, म्हणजे रोख किती आली-गेली याचा तक्ता, काढताना नफ्यात घसारा परत जोडतात. तो धडा दोन आठवड्यांनी यायचा होता, तो तिथंच अर्धा उलगडला.

आता साधन. स्लायडोसारख्या ॲपमध्ये मुलं कोड टाकून आत येतात, नाव न देता प्रश्न टाकतात, दुसऱ्यांच्या प्रश्नाला पसंती देतात. मेंटीमीटरमध्येही प्रश्नोत्तरांची सोय आहे. फुकटात किती मुलं चालतात ते घेण्याआधी बघून घ्या. ते नको असेल तर एकच रकाना असलेला गूगल फॉर्म पुरेसा आहे, फक्त पसंतीची सोय नसते. त्यात एक मेख आहे. कॉलेजच्या अकाउंटवरून फॉर्म केला की तो लॉगिन मागू शकतो किंवा ईमेल गोळा करू शकतो. 'एकदाच उत्तर' हा पर्याय चालू असला तरी लॉगिन लागतंच. लॉगिनचं पान दिसलं की मुलगा समजायचं ते समजतो आणि फॉर्म बंद करतो. या सेटिंग्ज बंद करा आणि दुसऱ्याच्या फोनवरून एकदा उघडून बघा. गूगल मीटच्या चॅटमध्ये नावासकट सगळ्यांना दिसतं, व्हॉट्सॲप ग्रुपमध्येही तेच, म्हणून लाजाळू मुलांसाठी ते दोन्ही निरुपयोगी. झूम असेल तर चॅट फक्त होस्टला, म्हणजे तास घेणाऱ्याला, जाईल असं ठेवता येतं. तुम्हाला नाव दिसतं, वर्गाला नाही. मधला मार्ग म्हणून चालेल.

दोन्हीकडच्या मुलांची रांग एकच हवी. घरची चॅटमध्ये आणि वर्गातली तोंडी, असं केलंत की घरची हमखास मागं पडतात. वर्गात कोणी तोंडी विचारलंच तर तो प्रश्न आधी माइकवर परत म्हणा, मग उत्तर द्या. घरच्या मुलाला नुसतं तुमचं "नाही, तसं नाही" ऐकू येतं, कशाला नाही ते कळत नाही. यादी प्रोजेक्टरवर चालू ठेवू नका, सगळ्यांचे डोळे तिकडंच लागतात. एका विद्यार्थ्याला आळीपाळीनं वाचणारा नेमा: तासाच्या मध्यावर एकदा, शेवटी एकदा. "सर, आज लवकर सोडा" पहिल्या आठवड्यात येणारच. वाचणाऱ्यानं ते गाळायचं. कोणी टाकलं याचा शोध मात्र घेऊ नका.

कॉलेजात मोबाईलला बंदी असेल किंवा सगळ्यांकडं फोन नसेल, तर परवानगी काढून बाकावर एकच फोन ठेवा, एरवी पालथा. मला हे जास्तच आवडतं. प्रश्न मग त्या बाकाचा होतो, कोणा एकाचा राहत नाही, आणि टाकायच्या आधी तिघं आपसात बोलतात तेव्हा निम्म्या शंका तिथंच मिटतात. तेही जमत नसेल तर चिठ्ठ्यांचा डबा आहेच.

खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीकडच्या मुलांचं वेगळं. पाऊस लागला की रेंज जाते, लाईट जाते, तास अर्ध्यावर तुटतो. त्यांच्यासाठी फॉर्म रात्रीपर्यंत उघडा ठेवा आणि राहिलेल्या प्रश्नांची उत्तरं व्हॉइस नोटनं ग्रुपवर टाका. व्हिडिओपेक्षा ती कितीतरी हलकी, दोन काड्या आल्या की उतरते.

एका ठिकाणी हे सगळं कुचकामी ठरतं: ताळेबंद जुळत नाही तेव्हा. "सर, माझं टॅली होईना" या वाक्याला काय उत्तर देणार? तिथं वहीच बघावी लागते. वर्गात असेल तर बाकापाशी जा, घरी असेल तर पानाचा फोटो तुम्हाला एकट्याला पाठवू दे.

आमच्याकडं काही जण म्हणतात, अशानं मुलं बोलायलाच शिकणार नाहीत, मुलाखतीत काय करतील? मला ते पटत नाही. आपला प्रश्न सरांनी गंभीरपणे घेतला, आणखी दहाजणांना तोच होता, हे दिसलं की काही मुलं स्वतःहून सांगतात, "सर, तो मीच विचारलेला." अशा मुलाला पुढचा प्रश्न तोंडी विचारायला लावा, मराठीत का होईना. बाकीच्यांना घाई करू नका; काही जण वर्ष संपेपर्यंत फोनवरूनच विचारतील, विचारू देत.