शहरालगतच्या शेतजमिनीसाठी आरक्षण बरं की टीपी स्कीम?

गाव नुकतंच महापालिकेत आलंय आणि शेतावर आरक्षण पडेल, म्हणजे बाग, शाळा अशा सार्वजनिक कामासाठी ते राखून ठेवलं जाईल अशी धास्ती असेल, तर गावाने मिळून टीपी स्कीमचा, म्हणजे नगररचना योजनेचा आग्रह धरावा असं माझं स्पष्ट मत आहे.

विकास आराखड्यात एकाच्या अख्ख्या शेतावर बागेचं आरक्षण पडतं आणि बांधापलीकडच्याची जमीन रस्त्याला लागून सोन्याची होते. शिवाय एमआरटीपी कायदा, 1966 (महाराष्ट्राचा नगररचना कायदा) च्या कलम 127 प्रमाणे ‘जमीन विकत घ्या’ अशी खरेदीची नोटीस द्यायलाही मालकाला 10 वर्षं थांबावं लागतं. टीपी स्कीममध्ये जमिनी एकत्र करून रस्ते, शाळा, मैदानांसाठी प्रत्येकाकडून हिस्सा घेतात आणि उरलेली जमीन रस्ता असलेल्या नीट आखीव प्लॉटच्या रूपात परत देतात. क्षेत्र घटतं, भाव वाढतो. अहमदाबादचा मोठा भाग असाच वाढला. पुण्यातल्या मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी तर सुमारे 400 एकर एकत्र करून स्वतःच शहर वसवलं. ती टीपी स्कीम नव्हती, पण एकत्र येण्याचं तत्त्व तेच.

टीपी स्कीममध्येही गावातल्या ओढ्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. सप्टेंबर 2019 मध्ये पुण्यात आंबिल ओढ्याच्या पुरात माणसं गेली. योजनेचा प्रारूप (कच्चा) नकाशा हरकतींसाठी खुला झाला की स्वतःचा गट नंबर शोधण्याआधी नकाशात ओढा किती रुंद दाखवलाय ते बघा, पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं ते गावातल्या जुन्या माणसांना विचारा आणि फरक असेल तर मुदतीत लेखी हरकत नोंदवून पोच घ्या.