वाचकांचे प्रश्न : ट्रकचा एअर फिल्टर आणि ‘थंड हवेचा पाइप’

माझा दहाचाकी टिपर वाघोलीच्या खडी क्रशरवर चालतो. फिल्टर रोज संध्याकाळी पंक्चरवाल्याकडे हवा मारून साफ होतो, अधूनमधून टायरवर आपटूनही घेतो. तरी इंजिन ८० हजार किलोमीटरलाच ऑइल खायला लागलं. जास्त हवा सोडणारा, धुता येणारा फिल्टर बसवू का?

नको. क्रशरवर तर अजिबात नको. आणि तुमची निगा कमी पडलेली नाही, ती नको तेवढी झाली आहे.

एक लिटर डिझेल जाळायला इंजिनाला कमीत कमी १० हजार लिटर हवा लागते. टर्बो (हवा दाबून आत सोडणारा पंखा) असलेलं इंजिन प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त ओढतं. क्रशरवर ही सगळी हवा दगडाच्या पिठातून येते. त्यातले डोळ्यांना न दिसणारे बारीक कण सर्वांत घातक, कारण ते पिस्टनची रिंग आणि सिलिंडरचा लायनर (अस्तर) यांच्यामधल्या ऑइलच्या थरात शिरून पॉलिश पेपरसारखे घासत राहतात. कागदी फिल्टरवर धुळीचा पातळ थर बसला की तो हे कण आणखी चांगले अडवतो. म्हणजे थोडा मळलेला फिल्टर नव्याकोऱ्यापेक्षा सरस असतो. तुम्ही हा थर रोज संध्याकाळी झाडून टाकता.

त्यात पंक्चरच्या दुकानातल्या कंप्रेसरचा दाब १०० पीएसआयच्या वर असतो. कागदाला ३० पीएसआयच्या पुढे सोसत नाही. नोझल घडीला टेकवून हवा मारली की सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. टायरवर आपटल्याने वरखालच्या कडा वाकतात आणि रबरी सील हाउसिंगला (फिल्टरच्या डब्याला, म्हणजेच एअर क्लीनरला) एका बाजूने टेकतच नाही. शिवाय फिल्टर काढताना दर वेळी चिमूटभर धूळ स्वच्छ बाजूच्या नळीत सांडते, ती वेगळीच.

मग काढायचा कधी, हे इंडिकेटरला विचारा. एअर क्लीनरवर किंवा त्याच्या पुढच्या पाइपवर बोटभर उंचीची पारदर्शक डबी असते. फिल्टरमागची हवेची ओढ साधारण ६ किलोपास्कलच्या, म्हणजे २५ इंच पाण्याच्या आसपास गेली की बहुतेक ट्रकमध्ये तिच्यात लाल पट्टी वर येते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत बघा. उभ्या गाडीत नुसता ॲक्सिलरेटर दाबून काही कळणार नाही. भरलेली गाडी चढावर पूर्ण जोर लावून चालवा आणि मग पाहा. पट्टी कधीच वर येत नसेल, तर डबी काढून तोंडाने हलकेच हवा ओढा. तरीही लाल आली नाही, तर डबी खराब आहे. डबीला तडा गेला असेल तर तेवढ्या फटीतूनही गाळलेली नसलेली हवा आत जाते.

लाल आल्यावर इंजिन बंद करा. हाउसिंग बाहेरून ओल्या फडक्याने पुसा, क्लिपा सोडा आणि बाहेरचा फिल्टर थोडा फिरवत, न हिसकावता ओढून घ्या. तो बदलणंच उत्तम. नाइलाज असेल तर एकदाच, ३० पीएसआयच्या आत, नोझल चार-पाच बोटं लांब धरून आतून बाहेर हवा मारा. मग अंधारात आत बल्ब धरून सगळ्या घड्या बघा. कुठे प्रकाशाचा ठिपका दिसला की फिल्टर बाद. पाण्याने, डिझेलने, पेट्रोलने धुऊ नका. सीलला ग्रीस लावू नका. त्याने रबर फुगतं आणि धूळ चिकटते. आतला बारीक सेफ्टी फिल्टर साफ करण्यासाठी नसतोच. बाहेरचे तीन बदलले की तो एक बदलायचा, तोही झटपट, मधली नळी उघडी न ठेवता.

हाउसिंगच्या तळाला चोचीसारखं रबर लोंबतं, ते रोज चिमटीत दाबायचं. क्रशरवर मूठभर पीठ पडेल. चोच फाटली किंवा हरवली असेल, तर गोळा झालेली धूळ बाहेर पडतच नाही आणि फिल्टर भराभर चोंदतो. ती किरकोळ किमतीची वस्तू. पण आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या टिपरना ती नसते, हे बघून जीव हळहळतो.

आता एक गोष्ट आजच करा. फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा पाइप सोडा आणि आतून पांढरं फडकं फिरवा. फडक्याला करडं पीठ लागलं, तर गळती सापडली: क्लिप ढिली, होज चिरलेला किंवा सील वाकलेलं. टर्बोच्या पंख्याच्या कडा बोटाला खरबरीत, झिजलेल्या लागतात का तेही पाहा. निळा धूर येत असेल आणि चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढल्यावर जोराचे फुसकारे येत असतील, तर रिंगा गेल्या आहेत. कुठलाही फिल्टर त्या परत आणणार नाही. कंप्रेशन तपासून पुढचं ठरवा. काळा धूर आणि जोर कमी, ही वेगळी तक्रार. तिथे हवा कमी पडते आहे.

हवा जास्त हवीच असेल, तर इनटेकच्या तोंडावर इंजिनाच्या मापाचा, भोवऱ्यासारखी हवा फिरवणारा प्री-क्लीनर बसवा. जाड धूळ तिथेच वेगळी होते आणि कागदी फिल्टर जास्त टिकतो. पैसे घालायचेच तर इथे घाला.

रत्नागिरी–कोल्हापूर आंबा घाटाने पिकअप चालवतो. डिझेल टर्बो, बीएस६. ॲक्सेसरीवाला म्हणतो, ओरिजिनल डबा काढून शंकूसारखा फिल्टर आणि ‘कोल्ड एअर इनटेक’ लावा. चढावर जोर येईल, ॲव्हरेजही वाढेल.

थंड हवा दाट असते, हे खरं. दर १० अंशांना हवेची दाटी साधारण ३ टक्के बदलते. पण तुमच्या गाडीत टर्बो हवा दाबतो तेव्हा ती शंभर अंशांच्या वर तापते आणि इंटरकूलर तिला पुन्हा निववतो. तोंडाशी वाचवलेले दहा अंश शेवटी सिलिंडरपर्यंत फारसे उरत नाहीत. आणि डिझेल किती सोडायचं हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. त्यात बदल नसेल, तर शंकूमुळे आवाज भारदस्त होतो, जोर तेवढाच राहतो.

उलट बॉनेटखाली उघडा शंकू लावला तर तो इंजिनाचीच गरम हवा ओढतो. ओरिजिनल डब्याचं तोंड मात्र बाहेरच्या हवेकडे काढलेलं असतं, म्हणजे तुमच्याकडे थंड हवेची सोय आधीच आहे. खात्री करायची तर वायर असलेला डिजिटल थर्मामीटर डब्याच्या तोंडाशी बांधून घाट चढा. बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांहून जास्त फरक दिसला, तर तोंडाचा पाइप निसटला आहे का ते पाहा.

तेल लावायच्या जाळीदार फिल्टरवर तेल जरा जास्त झालं, की ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसतं. माप चुकतं, चेक लाइट लागतो, धूर वाढला तर डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळी अडवणारा फिल्टरही, लवकर भरतो. पाइपचं तोंड बंपरपर्यंत खाली नेणारे किट तर कोकणात लावूच नका. जुलैत भरलेल्या मोरीतून जाताना एक घोट पाणी आत गेलं, तर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वॉरंटीतल्या गाडीला हात लावला तर दाव्यात अडचण येते, ते वेगळंच.

चढावर दम कमी वाटत असेल तर इंटरकूलरच्या पाती कमी दाबाच्या पाण्याने मागून पुढे धुवा आणि त्याच्या होजना साबणाचं पाणी लावा. मदतनिसाने एक्सलरेशन दिल्यावर बुडबुडे आले, तर जोर तिथून निसटतो आहे. कागदी फिल्टर मात्र पुस्तिकेतल्या नंबराचाच घ्या.

लोकल फिल्टर निम्म्या भावात मिळतो. फरक कसा ओळखू?

जुना आणि नवा शेजारी ठेवा. घड्यांची संख्या आणि खोली मोजा. घड्या कमी म्हणजे कागद कमी, म्हणजे लवकर चोंदणार. घड्यांमधलं अंतर एकसारखं असावं, सील बोटाने दाबल्यावर लगेच मूळ जागी यावं. हाउसिंगमध्ये बसवताना थोडा जोर लागला पाहिजे. अलगद सरकला तर दुकानदाराला परत करा, भाव काहीही असो.

ऊस वाहतुकीच्या ट्रकचा फिल्टर हंगामात महिन्याभरातच लाल दाखवतो.

आधी केबिनमागच्या उंच इनटेकची जाळी बघा. पाचटाचे तुकडे तिथे अडकून निम्मं तोंड बंद करतात आणि इंडिकेटर बिचारा फिल्टरकडे बोट दाखवतो. जाळी साफ करा, डबीवरचं बटण दाबून पट्टी खाली पाडा, भरलेली गाडी एकदा कारखान्यापर्यंत न्या. पुन्हा लाल आली तरच नवा फिल्टर घ्या.