म्युहली गवताला तुरे येत नसतील तर आधी पाणी थांबवा

गुलाबी म्युहली गवताचे तीन ठोंब लावून दीड वर्ष झालं, रोज संध्याकाळी पाणी देता, दर दोन महिन्यांनी शेणखत घालता, तरी पाती लोळतात, ठोंबाचा मधला भाग पिवळा पडलाय आणि तुरा एकही नाही, असं तुम्ही लिहिलंय. मला यात कीड-रोग दिसत नाही. पाणी आणि खत दोन्ही जास्त झालंय.

हे गवत मूळचं अमेरिकेच्या आग्नेय भागातलं. तिथे ते रेताड माळांवर, पाइनच्या विरळ रानात, हलक्या जमिनीत वाढतं. पातं बोटांत धरून बघा, कडा आत वळून ते जवळजवळ तारेसारखं झालेलं असतं. त्यामुळे त्यातून पाणी कमी उडतं. शिवाय ऊस आणि मक्यासारखंच हे सी-४ गटातलं, म्हणजे पर्णरंध्रं फार न उघडताही कर्बवायू पकडणारं. अशा झाडाला रोजचं पाणी म्हणजे मुळांना श्वास घ्यायला जागाच न ठेवणं.

आज एवढं करा. मधल्या ठोंबाच्या बुडाशी खुरप्याने चार बोटं माती उकरा. निरोगी मूळ पांढरट आणि चिवट असतं, ओढलं तरी सहज तुटत नाही. कुजलेलं मूळ तपकिरी-काळं दिसतं, चिमटीत धरलं की साल सरकून हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. वासही आंबूस येतो. माझे पहिले दोन ठोंब याच वासाने कळले, तोवर उशीर झाला होता. म्हणून तुम्हाला घाईने लिहितोय.

मुळं पांढरी असतील तर पाणी बंद करा आणि माती वाफशावर, म्हणजे चिखल न राहता जेमतेम ओलसर आणि मोकळी अशी, येऊ द्या. पहिल्या वर्षी, मुळं धरेपर्यंत, आठवड्यातून एकदा खोलवर पाणी लागतं. त्यानंतर फार लांबलेल्या कोरड्या काळातच द्यायचं. खत तर पूर्ण थांबवा. नत्र जास्त झालं की पाती लुसलुशीत होऊन लोळतात आणि तुऱ्यांचा जोर पानांत जातो.

मुळं काळी असतील तर ठोंब उपटा. मधला मेलेला भाग टाकून द्या आणि कडेचे जिवंत फुटवे मुळांसकट वेगळे करून नव्या जागी लावा. ही वाटणी थंडी सरून नवे फुटवे दिसू लागले की करावी, म्हणजे रुजायला सगळा उबदार हंगाम मिळतो. हिवाळ्याच्या तोंडावर वाटणी करू नका. थंडीत वाढ थांबलेली असते, आणि गार ओल्या मातीत नवं मूळ फुटण्याआधी जुनं कुजतं.

नव्या जागी दिवसाला किमान ६ तास थेट ऊन हवं. सावलीत ठोंब जगतो, पण तुरे विरळ येतात. माती चिकट असेल तर खड्ड्याच्या तळाशी खडी घालून फायदा नाही, खड्ड्यात पाणी साचतंच. त्यापेक्षा वीतभर उंच वाफा करून त्यावर लावा. ठोंबाची मान, म्हणजे पाती आणि मुळं जिथे जुळतात तो भाग, मातीच्या वर राहिली पाहिजे, आणि पालापाचोळ्याचं आच्छादन मानेला टेकता कामा नये. माझ्या मते सगळ्यात जास्त ठोंब या एका चुकीने जातात. दोन ठोंबांत ६० ते ९० सेंमी अंतर ठेवा, कारण पूर्ण वाढलेला ठोंब साधारण तेवढाच रुंद होतो.

छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळा संपताना, जमिनीपासून १० ते १५ सेंमीवर. उशीर झाला तर नव्या फुटव्यांची टोकंही कापली जातात. हातमोजे घाला.

तुरे उन्हाळा सरल्यावर, शरदात येतात, तेव्हा त्याआधी आले नाहीत म्हणून धीर सोडू नका. या गवताचं लॅटिन नाव 'म्युहलेनबर्जिया कॅपिलॅरिस', त्यातल्या 'कॅपिलॅरिस'चा अर्थच केसासारखं. सकाळी दव पडल्यावर सूर्याकडे तोंड करून ठोंबाकडे पाहा. प्रत्येक केसाच्या टोकाला थेंब असतो आणि सगळा ठोंब गुलाबी धुक्यासारखा दिसतो. म्हणून लावताना उगवतीचं किंवा मावळतीचं ऊन ठोंबाच्या मागून येईल अशी जागा निवडा.

मुळं कशी दिसली ते कळवा, आणि खोदल्यावर माती किती खोलवर ओली होती तेही. त्यावरून बाकीचे दोन ठोंब हलवायचे की तिथेच ठेवायचे ते सांगतो.