मॅडम, माझ्यासारखं अजून कुणी आहे का हो?

दुर्मिळ आजाराचे पेशंट माझ्याकडे येतात तेव्हा "बरी होईन का" हे डॉक्टरांना विचारून झालेलं असतं, मला सगळे विचारतात ते वरचं.

मागे एक ताई आल्या होत्या, पस्तिशीच्या, शाळेत शिक्षिका (ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). आठवडाभर डोकं दुखत होतं, कानात शिट्टी वाजल्यासारखं व्हायचं, सगळ्यांनी मायग्रेनवर ढकललं आणि मग एका सकाळी फळ्यावर स्वतःच आखलेली सरळ रेघ त्यांना वाकडी दिसली. निदान झालं व्हीकेएच, म्हणजे व्होग्ट-कोयानागी-हारादा. यात आपलीच प्रतिकारशक्ती शरीराला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते, आणि त्या पेशी डोळ्यात, कानात, त्वचेत, केसांच्या मुळाशी असतात म्हणून त्रासही सगळीकडे. डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साठतं. आधी स्टिरॉइडची सलाईन, मग गोळ्या, त्या हळूहळू कमी करत किमान 6 महिने तरी चालतात. ताईंची नजर बरीच परत आली.

पण माझ्यासमोर बसून त्या रडल्या त्या पापण्यांवरून. उजव्या पापणीचे चार-पाच केस पांढरे झाले होते, रोज शाळेत जायच्या आधी आरशासमोर उभं राहून ते मस्कारा लावून काळे करायच्या. सासूबाई हळूच म्हणाल्या होत्या, "कोड तर नाही ना गं? बाहेर बोलू नकोस, उद्या पोरीचं लग्न व्हायचंय." पोरगी सात वर्षांची! त्यात स्टिरॉइडने चेहरा गोल झालेला, तर स्टाफरूममध्ये "तब्येत सुधारली हं".

हा आजार स्पर्शाने पसरत नाही, आईला आहे म्हणून मुलीला होईलच असंही नाही, हे मी सांगितलं, सासूबाईंनाही बोलावून सांगितलं. पण रात्री तीनला स्टिरॉइडमुळे टक्क जाग येते तेव्हा काय वाटतं ते मी कुठून सांगणार? म्हणून त्यांना म्हटलं, तुमच्या युव्हीआयटिसच्या (डोळ्याच्या आतल्या सुजेच्या) डॉक्टरांनाच विचारा, बोलायला तयार असलेला एखादा जुना पेशंट आहे का. लोक हे विचारतच नाहीत, संकोच करतात. विचारा हो! डॉक्टरांनी एका बाईंची परवानगी घेऊन नंबर दिला, आणि पहिलाच फोन तासभर चालला.

त्या बाईंनी एक सवय लावली. रोज सकाळी एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटी बघायच्या, रेघ लाटेसारखी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

आता पाच जणांचा ग्रुप आहे, नियम एकच, कुणी कुणाला डोस सांगायचा नाही. चेहरा सुजतो म्हणून एकीने गोळ्या बंद करायच्या ठरवल्या होत्या, या सगळ्यांनी तिला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं, कारण स्टिरॉइड अचानक थांबवलं तर आजार उसळू शकतो आणि जिवावरही बेतू शकतं.

परवा ताईंचा फोन आला. ग्रुपमध्ये नव्याने आलेल्या कॉलेजातल्या एका मुलीने त्यांना विचारलं होतं, तुमच्याही पापण्या पांढऱ्या झाल्या का? ताईंनी मस्कारा पुसला, फोटो काढला आणि पाठवून दिला.