तारा कधी निघणार?

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची असून आठवीत आहे. तिचे वरचे दात पुढे आलेले आणि खालचे एकमेकांवर चढलेले आहेत. चार दात काढून तारा बसवाव्या लागतील आणि उपचाराला दोन वर्षे किंवा थोडे अधिक लागतील, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. शेजारच्या मुलाच्या तारा मात्र १४ महिन्यांतच निघाल्या. एवढा फरक का पडावा? दर वेळी तार जरा जास्त आवळून घेतली तर काम लवकर होईल का? दहावीचे वर्ष सुरू होण्याआधी हे सारे आटोपावे, अशी आमची इच्छा आहे.
– एक पालक, कराड

उत्तर : शेजारच्या मुलाचे दात काढावे लागले होते का, एवढे एकदा विचारून पाहा, बहुधा नसतील. पुढचे दात थोडेसे फिरलेले किंवा विरळ असतील आणि दाढांची बैठक मुळातच नीट असेल, तर वर्ष-सव्वा वर्षात तारा निघू शकतात. तुमच्या मुलीचे गणित निराळे आहे. सुळ्यामागची पहिली उपदाढ काढली की तिथे साधारण ७ मिलिमीटर जागा मोकळी होते, आणि दात हाडातून महिन्याला जेमतेम १ मिलिमीटर सरकतो. त्यातली काही जागा दाटी सोडवण्यात खर्च होते आणि उरलेली पुढचे दात मागे घेऊन भरावी लागते. त्याआधी वेडेवाकडे दात पातळ, लवचिक तारेवर एका रांगेत आणण्यात ४ ते ६ महिने जातात, कारण जागा भरण्यासाठी लागणारी जाड स्टीलची तार रांग लागल्याशिवाय ब्रॅकेटच्या (दातावर चिकटवलेल्या छोट्या तुकड्याच्या) खाचेत बसतच नाही. सर्वांत शेवटी वरच्या आणि खालच्या दातांची चावण्याची पकड जुळवायची असते. आरशात दात सरळ दिसू लागलेले असल्यामुळे "आता काढून टाका ना तारा" असा आग्रह नेमका याच टप्प्यावर होतो, आणि तो मानला तर आधीच्या दीड वर्षाचे काम अर्धवट राहते.

आवळण्याबद्दल सांगायचे, तर दात हा भिंतीत ठोकलेला खिळा नव्हे. त्याच्या मुळाभोवती मिलिमीटरच्या एक-पंचमांश जाडीचा तंतूंचा थर असतो. बेताचा दाब पडला की दाबाच्या बाजूचे हाड तिथल्या पेशी हळूहळू विरघळवतात, मागच्या बाजूला नवे हाड भरते, आणि दात पुढे सरकतो. दाब फार झाला, तर त्या थरातला रक्तपुरवठा खुंटतो, पेशी मरतात, आणि मेलेला भाग साफ होईपर्यंत दात काही आठवडे जागचा हलत नाही. शिवाय मुळे झिजून आखूड होण्याचा धोका वाढतो, आणि पुढचे दात मागे येण्याऐवजी दाढाच पुढे घसरून काढलेल्या दातांची मोलाची जागा फुकट जाते. म्हणजे घाई केली तर काम लांबते.

वेळ वाया जातो तो बहुतेक वेळा घरी. दिवाळीनंतरच्या आठवड्यात आमच्याकडे चकलीने निखळलेल्या ब्रॅकेट्सची रांग लागते. कोणी ती कागदाच्या पुडीत जपून आणतो, तर कोणी "तीन आठवडे झाले, पण दुखत नव्हते म्हणून आलो नाही" असे सांगतो. तेवढ्या काळात मोकळा झालेला दात पुन्हा मागे फिरलेला असतो, आणि त्या एका दातासाठी जाड तार उतरवून पुन्हा पातळ तारेवर यावे लागते. यात महिना-दोन महिने सहज जातात. चकलीइतकाच दोष चिक्की, ऊस, कणीस आणि न चिरता खाल्लेल्या पेरूचाही आहे. डॉक्टरांनी रबर बँड दिले असतील, तर ते जेवण आणि दात घासणे वगळून दिवसभर लावायचे असतात. केवळ रात्री लावले तर दिवसा दात परत येतात.

दहावीचे म्हणाल, तर आठवीत सुरू केलेला दोन वर्षांचा उपचार दहावीच्या वर्षात जाणारच, हे गृहीत धरावे. त्याची फारशी अडचण होत नाही. ४ ते ६ आठवड्यांतून एक फेरी असते आणि दुखते ते फेरीनंतरचे तीन-चार दिवस, तेव्हा परीक्षेच्या आठवड्यातली वेळ तेवढी टाळावी. दहावीनंतर पाहू, असे मात्र करू नये. मुलींची वाढ लवकर पूर्ण होते, आणि दातांबरोबर जबड्याचाही दोष असेल, तर तो वाढीच्या वयात सुधारणे सोपे जाते.

प्रश्न : माझे वय ३८ आहे. पुढचे दात वाकडे आहेत आणि घासताना हिरड्यांतून रक्त येते. पारदर्शक अलाइनर (दातांवर बसणारे, काढता-घालता येणारे साचे) लावले तर तारांपेक्षा निम्म्या वेळात काम होते, हे खरे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : वयाची अडचण नाही; मोठ्या माणसांचे दात सुरुवातीला जरा सावकाश हलतात, इतकेच. अडचण आहे ती रक्ताची. हिरड्या सुजलेल्या असताना दात हलवले तर त्यांना धरणारे हाड झपाट्याने कमी होते, म्हणून आधी हिरड्यांचे उपचार घ्यावेत आणि तो काळ हिशेबात धरावा. किरकोळ वाकडेपणा अलाइनरने काही महिन्यांत सुधारतो हे खरे, पण तेवढा तो तारांनीही सुधारतो. अलाइनर दिवसाचे २० ते २२ तास तोंडात असावा लागतो आणि चहासाठीही तो काढावा लागतो. कचेरीत चार वेळा चहा घेऊन दर वेळी तो अर्धा तास रुमालात राहिला, तर जेवणाआधीच दिवसाची सवलत संपते. यानंतर दात जागेवर राहावेत म्हणून रिटेनर वापरावा लागतो, पुढे पुष्कळदा केवळ रात्री, पण वर्षानुवर्षे; सांगितलेल्या मुदतीत हा काळ धरलेला नसतो, म्हणून त्याविषयी पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे.